कोठीच्या दारावरची ओळ

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ठिपके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारीच मिळालं. तीन दिवस उत्तर नाही म्हणून तू रागावली असशील, तर खुशाल रागाव. फोन का केला नाही असं मात्र विचारू नकोस. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि उजव्या कानाशी फोन धरला की तू मला बोलूच देत नाहीस.

इथे सगळं ठीक आहे. तुझी भाची बेकरी तिच्या पद्धतीनं चालवते आणि मला स्टुलावर बसवते. कणीक मळायचं मशीन आणलंय हे मागे लिहिलंच होतं. मशीन उत्तम आहे. माझं आणि त्याचं अजून बोलणं नाही. गुडघा जिथल्या तिथे आहे. समोरच्या चष्मेवाल्यानं परवा येऊन सांगितलं की आमचा पाव पूर्वीपेक्षा लहान झालाय. मी म्हटलं, ‘तुमच्याच दुकानातला चष्मा लावून बघताय ना?’ तेव्हापासून तो आपल्याकडे येत नाही, पण त्याची बायको येते.

शाळेतली मंडळी तुला ‘बाई, बाई’ म्हणून उठून उभी राहतात हे ठाऊक आहे मला. साठीला आलीस. तरी मला तू नाकावर पिठाचा ठिपका घेऊन हिंडणारीच दिसतेस, त्याला माझा इलाज नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. म्हणजे लगेच वळत नाही, जरा घोटाळतो. तुझं पत्र मी जेवताना मोठ्यानं वाचत होतो. मार्चमध्ये तू निवृत्त होणार, वसतिगृहातली खोली कायमची तुला द्यायला मुख्याध्यापिका तयार आहेत, इकडे आपली वरची खोली रिकामी, आणि महिनाअखेरपर्यंत त्यांना काय ते सांगायचंय, इथवर मी नीट वाचलं. पुढे तू लिहिलंयस, ‘दादा, बाबांसारखी दोन वाडगी ठेव. त्या वेळी देवानं किती स्वच्छ सांगितलं होतं! या वेळीही तोच सांगेल. मी त्याप्रमाणे वागेन.’ तिथे मी थांबलो.

‘कसली वाडगी?’ भाचीनं विचारलं.

तिला काहीच माहीत नव्हतं. मग सगळं सांगावं लागलं. ‘तुझे आजोबा मोठ्या पेचात सापडले की दोन सारखे गोळे करायचे,’ मी म्हटलं, ‘एक हो, एक नाही. एकाच कणकेचे, सारख्या वजनाचे, दोन वाडग्यांत, दोघांवर ओलं फडकं. आधी प्रार्थना. मग ज्या वाडग्यातला गोळा काठाशी आधी पोचेल, ते देवाचं उत्तर.’

‘आणि हरलेला गोळा?’

‘तोही भाजायचा. देवाला विचारलेलं अन्न टाकायचं नाही. दोन्ही पाव घरातच खायचे.’

ती हसली. ‘बाबा, मशीनमध्ये मळलेली कणीक चालेल ना देवाला? की त्याचंही तुमच्यासारखंच, मशीनशी बोलणं नाही?’

बघ, आहे की नाही तुझ्या वळणावर?

मग मी तिला कोठीत नेऊन दार दाखवलं. पिठाच्या पोत्यांमुळे ते दार वर्षानुवर्षं अर्धवटच उघडतं, त्यामुळे आतली बाजू तिनं कधी धड वाचलीच नव्हती. आठवडा संपला की बाबा कानावरची पेन्सिल काढून देवानं त्या आठवड्यात काय केलं ते एका ओळीत लिहायचे, आठवतं? आपण दोघं मागे उभे राहून मोठ्यानं वाचायचो. ‘चिमणी पेटली, घर वाचलं.’ ‘उंदीर गेला.’ ‘थोरल्याचा ताप उतरला.’ ‘विशेष काही नाही. वाईटही काही नाही.’ ‘हिनं अबोला सोडला.’ ही शेवटची वाचून आई पुन्हा चार दिवस बोलली नव्हती. मुंगीएवढं अक्षर, आणि एकही आठवडा कोरा नाही.

भाची अर्धा तास तिथे उभी होती. नंतर म्हणाली, ‘यात आत्या खूप आहे.’ खरंच आहेस. तू गेल्यापासून निम्मं दार तुझंच आहे. ‘धाकटीच्या वर्गातली मुलगी आज स्वतःचं नाव बोलली.’ ‘धाकटीच्या शाळेला नवीन इमारत.’ ‘धाकटीचा पहिला विद्यार्थी छापखान्यात लागला.’ ऐकू न येणारी मुलं तुझ्या गळ्यावर हात ठेवून आवाज कसा शोधतात, ते तू एकदा लिहिलं होतंस. ते पत्र वाचून बाबांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाहिला होता आणि आईला म्हणाले होते, ‘अगं, खरंच थरथरतं.’

‘खालचं दिसत नाही,’ भाची म्हणाली, ‘पोती हलवू का?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘गुडघ्याला त्रास होतो.’

पोती ती हलवणार होती आणि गुडघा माझा दुखणार होता. तू असतीस तर तिथेच पकडलं असतंस.

तिकडे गिऱ्हाईक उभं आहे. उरलेलं नंतर लिहितो.

गुरुवार

काल लिहिलं नाही. काल मी वाडगी शोधत होतो. दोन्ही सापडली, निळ्या काठाचं आणि टवका उडालेलं. घासली, पुसली. आज दुपारी भट्टी निवल्यावर कणीक मळली, मशीनला न सांगता, हातानं. पार घाम निघाला. दोन गोळे तोलले, निळ्या काठाच्या वाडग्यात ‘ये’, टवक्याच्या वाडग्यात ‘तिथेच राहा’. फडकी भिजवली. प्रार्थनाही केली.

आणि बसलो. पाच मिनिटांनी पाहतो तर ‘ये’चं वाडगं कट्ट्याच्या भट्टीकडच्या उबदार टोकाला गेलेलं. मीच सरकवलं होतं. कधी, ते आठवेना. परत जागेवर आणलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी हात सरकवताना पाहिला, माझाच होता. मग ‘राहा’चं वाडगंही उबेला नेलं, म्हणजे न्याय होईल. तर मनात आलं, त्याच्यावरचं फडकं जरा गार पाण्यात बुडवावं.

‘बाबा, भातुकली मांडलीय का?’ भाची दारातून म्हणाली.

मी दोन्ही गोळे एकत्र केले, दणादणा मळले, एकच पाव केला आणि भाजला. संध्याकाळी आम्ही तो चहाबरोबर खाल्ला. चांगला झाला होता. तेव्हा खूण वगैरे काही मिळालेली नाही, आणि ती का मिळणार नाही हे सांगायला हे पत्र आहे. चार पानं इकडचं-तिकडचं लिहून झालं. आता सांगतो.

ठिपके, त्या वेळची खूण माझी होती.

तुला तो दिवस जसा आठवतो तसा तू दर वर्षी लिहितेस, म्हणून मला तो विसरता आलेला नाही. शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. तू सत्तावीस वर्षांची. बाबांची पाठ धरलेली, तुला जावंसंही वाटत होतं आणि त्यांना सोडवतही नव्हतं. तू आठवडाभर रडलीस. शेवटी बाबा म्हणाले, ‘देवाला विचारू.’ पाठीमुळे त्यांना मळता येईना, म्हणून कणीक मी मळली. गोळे मी केले. तुम्ही सगळे पुढे दुकानात होतात. ‘राहा’च्या गोळ्यात मी मूठभर मीठ घातलं आणि परत मळलं.

मिठानं खमीर दबतं हे बेकरीवाल्याच्या पोराला बोलायला लागायच्या आधी कळतं. दोन तासांनी ‘जा’ काठाच्या वर आला होता आणि ‘राहा’ तळाला धोंड्यासारखा पडून होता. तू हात जोडलेस. आईनं डोळे पुसले. मी म्हटलं, ‘देवाची इच्छा.’ हो, ते मीच म्हटलं. माझी जीभ झडली नाही.

पण मी एक गोष्ट विसरलो होतो. बाबांनी दोन्ही गोळे उचलले आणि भट्टीत सारले. हरलेला पावही खायचा असतो! इतक्या वर्षांची रीत, आणि मला ऐन वेळी आठवली नाही. मी भट्टीसमोर उभा राहून तो खारट दगड भाजला जाताना बघत होतो. पोटात गोळा आला, आणि तो मात्र भराभर फुगत होता.

पाव बाहेर आले. बाबांनी नेहमीप्रमाणे ‘राहा’चा कोपरा आधी मोडला. चावला. बराच वेळ चावला. तू हात पुढे केलास, आठवतं? तू म्हणालीस, ‘मलाही द्या, माझंच उत्तर आहे ते.’ बाबांनी पाव फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, ‘हा मला असू दे. घट्ट पाव मला आवडतो.’ तीन दिवस तो पाव त्यांनी एकट्यानं खाल्ला. एक तुकडा कुणाला दिला नाही. आई म्हणत होती, ‘अहो, किती पाणी पिताय? काय आग लागलीय पोटात?’ आणि ते म्हणायचे, ‘हवा कोरडी आहे.’ बाहेर भुरभुर पाऊस पडत होता.

मी स्वतःला सांगितलं की त्यांना कळलं नाही. म्हातारा माणूस, जिभेची चव गेली असेल. पण चोराच्या मनात चांदणं, धास्ती काही गेली नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत आम्ही दोघंही मिठाची गुळणी धरून बसलो.

का केलं, ते तुला कळायला हवं. माझं लग्न ठरलं होतं. घरात दोनच खोल्या. वरची, खिडकीची, तुझी होती. ती मला हवी होती. तुझ्या वहिनीनं ती कधी मागितली नव्हती, तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं. मरेपर्यंत ती म्हणायची, ‘या खिडकीत उभं राहिलं की वन्संची आठवण येते.’ मी कूस बदलून झोपायचो.

आज एवढंच पुरे. हात दुखतोय.

शुक्रवार

पहाटेचे पाव निघाल्यावर मी पोती हलवली.

तुझ्या जाण्याच्या आठवड्याची ओळ कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं, पण ती वाचायचा धीर कधी झाला नव्हता. बिजागरीच्या वर वीतभर, डाव्या हाताला. बाबा गेल्यापासून पोत्यांची थप्पी तिथे मीच लावत आलोय. सगळ्यांना वाटतं तिथे ओल येत नाही म्हणून. भाचीला हाक मारली. तिनं पोती ओढली, मी खाली बसलो, चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शेवटी ती म्हणाली, ‘मी वाचू का?’

मी हो म्हटलं. तिनं वाचलं: ‘धाकटीला देवानं पाठवलं. मिठाचा हात जड झाला होता, तरी पाठवलं.’

एवढंच. पुढच्या आठवड्याची ओळ अशी आहे: ‘धाकटीचं पत्र आलं. पोचली.’

भाचीनं विचारलं, ‘म्हणजे काय?’ मी तिथेच पोत्याला टेकून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पोरगी तोंड फिरवेल. पण तिनं विचारलंन काय, तर ‘आजोबांनी तीन दिवस तो पाव कशाबरोबर खाल्ला?’ मला आठवेना. पाण्याबरोबरच, बहुधा. मग मी रडलो. लाज वाटली नाही. तीही बसली माझ्याशेजारी, आणि तेवढ्या वेळात पुढे दोन गिऱ्हाइकं हाका मारून निघून गेली.

ठिपके, बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. एका शब्दानं ते तुला थांबवू शकत होते. त्यांनी पाव फडक्यात गुंडाळला आणि तुझी ट्रंक बांधायला घेतली. तुला जायचं होतं हे त्यांना दिसत असणार, माझ्या मिठाच्या आधीपासून. मी ती ओळ सकाळपासून दहा वेळा वाचली. ‘तरी पाठवलं’ असं लिहिलंय त्यांनी. माझ्या मुठीचा हिशेब त्यांनी देवाच्या कामात धरलाय, आणि मला काढूनही टाकलेलं नाही. इतकी वर्षं मी त्या ओळीला भीत होतो, आणि तिनं मला मोकळं केलं.

पण मोकळा झालो म्हणून खोटं पुढे चालू ठेवता येत नाही. खोलीचं कारण खरं आहे, पण ते वरवरचं आहे. त्या उन्हाळ्यात बाबा दुकानात कुणाला तरी म्हणाले होते, ‘थोरला मेहनती आहे, पण हात धाकटीचा.’ मी मागे पाव काढायचं फावडं घेऊन उभा होतो. खरंच होता गं तुझा हात. तू कणकेला बोट लावून सांगायचीस आणखी किती वेळ लागेल, आणि तेवढाच लागायचा. मला ते आजही घड्याळ बघून सांगावं लागतं. मला भीती वाटली की भट्टी तुझी होईल आणि मी तुझ्या हाताखाली पाव विकत बसेन. म्हणून तू जायला हवी होतीस. खोली हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. दुसरं स्वतःलासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं.

आता तू काय करशील ते मला माहीत नाही. हे पत्र टाकताना मला त्याचीच धास्ती आहे. तुला वाटेल, ज्या खुणेच्या भरवशावर मी घर सोडलं, परक्या गावात आजारपणं काढली, लग्नाला नाही म्हटलं, ती एका मत्सरी भावाची मूठ होती. वाटलं तर ते खरंच आहे, मी नाकारणार नाही. पण एकदा दाराकडे बघ. त्यात खुणेची एकही ओळ नाही. वाडग्यांनी काय सांगितलं ते बाबांनी कधीच लिहिलं नाही. जे घडलं तेच लिहिलं. ती मुलगी स्वतःचं नाव बोलली, ते काही मी मीठ घालून बोलवलेलं नव्हतं. तिनं तुझ्या गळ्यावर हात ठेवला होता. त्यातलं काहीच खोटं होणार नाही, माझ्यामुळे तर नाहीच.

भाचीनं सकाळी दाराच्या सगळ्या ओळी वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केलीय. तुझ्या ओळी वेगळ्या कागदावर लिहून या पत्राबरोबर पाठवतोय. एकशे सत्तावन्न आहेत. मोजताना तिला दोन वेळा चहा लागला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. देवानं मला काही सांगितलेलं नाही. त्याला विचारायचं असेल तर तू विचार, मी तुमच्या मध्ये पुन्हा हात घालणार नाही. पण तू दादाला विचारलं असतंस, की दादा, तुला काय वाटतं, तर मी काय म्हणालो असतो ते सांगतो. ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही कधी सांगितलं नाही.

मला तू इथे हवी आहेस. एकटेपणानं कुढतोय असं समजू नकोस. माझं बरं चाललंय, भाची जीव लावते, भूक लागते, झोप लागते. पण बाबांना बाबा म्हणणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आईचा अबोला सांगितला तर लोक हसतात, पण त्यांना तो माहीत नाही. मला कुणाबरोबर तरी मधूनच हसायचंय, गोष्ट अर्धीच सांगून. सकाळी कणकेला बोट लावून कुणी मला सांगायला हवंय की दादा, अजून वीस मिनिटं, आणि मला ते ऐकायचंय. या खेपेला मला त्याचा राग येणार नाही. आला तर सांगेन.

आणि तुला तिथेच राहायचं असेल, मुलांजवळ, तर राहा. ‘नाही’ असं दोन अक्षरी पत्र पाठव. मी वाईट वाटून घेईन, आणि मग वसंतात तुला भेटायला येईन. रागानं काहीच पाठवलं नाहीस, तरी येईनच.

ये, ठिपके. हे मी म्हणतोय. देवाचं नाव मध्ये न घेता, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझा, आणि या खेपेला फक्त स्वतःच्या वतीनं लिहिणारा,
दादा